तिकीट ३८४९ चं, कापले ४२४८ : हे 'सोयीचं शुल्क' नक्की कोणाच्या सोयीचं?

गोदाकाठी | ८ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१२

मंडळी, विसर्जनाचे ढोल अजून कानातून गेले नाहीत तोच घरात दिवाळीच्या सुट्टीची हवा शिरली आहे. पोरांना मुन्नार बघायचंय. आमच्या नाशिकच्या ओझर विमानतळावरून कोचीला थेट जायची सोय नाही, म्हणून मुंबईहून जायचं ठरवलं. काल रात्री जेवणं आटोपून लॅपटॉप उघडला. स्वस्तातल्या एका विमान कंपनीच्या साइटवर मुंबई-कोची ३८४९ दिसलं. येतानाचंही नेमकं तेवढंच. आम्ही चौघं, जाऊन-येऊन आठ तिकिटं, झाले ३०,७९२. बायकोला तोऱ्यात सांगितलं, "एकतीस हजारात काम होतंय."

मग पानामागून पान. नावं भरा, वयं भरा. सीट निवडा, नको. जेवण निवडा, नको. विमा घ्या, माणशी १९९. याच्यापुढे बरोबरची खूण आधीच केलेली होती, ती काढली. शेवटी कार्डाचा नंबर टाकायच्या पानावर पोचलो तर आकडा ३३,९८४! खाली बारीक अक्षरात 'कन्व्हिनियन्स फी', माणशी, एका बाजूचे ३९९. म्हणजे ३१९२ रुपये हे निव्वळ पैसे देण्याचे पैसे. रात्रीचे पावणेबारा वाजलेले, पानावर 'वेळ संपायला ३ मिनिटं' असे उलटे आकडे पळताहेत. भरून टाकले.

खरी गंमत सकाळी झाली. चिरंजीवांना आठवलं की त्याच आठवड्यात त्यांच्या क्लासची परीक्षा आहे. लगेच तिकिटं रद्द केली. २४ तासांच्या आतलं असल्यामुळे भाडं पूर्ण परत येणार असं दिसतंय, पण ते ३१९२ गेले ते गेलेच. विमान बघितलं नाही, विमानतळ बघितला नाही, आणि तीन हजार खर्च!

आता तारीख बदलून परत बुक करायचंय. कुठल्या मार्गाने पैसे भरले की हे शुल्क लागत नाही? आणि गेलेले ३१९२ मिळवता येतील का?

तर्री_जास्त | रात्री १०:२०

सोय त्यांची, शुल्क आपलं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सिडकोकर_आबा | रात्री १०:४१

एकतीस हजारांची सहल करणाऱ्याने ३९९ साठी धागा काढावा याची मौज वाटली. आमच्या वेळी नाशिकरोडला रात्री दोनला रांग लावून रिझर्व्हेशन काढायचो. दोन रजा जायच्या, चहा-बिडीचा खर्च वेगळा. आता घरी बनियनवर बसून तिकीट निघतं त्याचे चार पैसे घेतले तर बिघडलं कुठे? सोय हवी तर मोजा.

पंचवटी_एक्सप्रेस | रात्री १०:५८

आबा, रेल्वेचं नाव निघालंच आहे तर तिचाच हिशोब घ्या. रेल्वेची साइटसुद्धा शुल्क घेते. नोटबंदीनंतर माफ केलं होतं, १ सप्टेंबर २०१९ पासून परत सुरू झालं. एसीला ३० आणि बिगर एसीला १५, वर जीएसटी. यूपीआयने भरलं तर २० आणि १०. पण हे *तिकिटामागे* आहे. एका तिकिटावर सहा माणसं असली तरी तीसच. विमानवाले माणशी घेतात, आणि वर प्रत्येक बाजूचे वेगळे. गोदाकाठींनी कार्ड एकदाच घासलं, ओटीपी एकच आला, मग सोय आठ वेळा कशी झाली?

तर्री_जास्त | रात्री ११:०१

मधल्या सीटवरच्या माणसाची सोय कधीपासून व्हायला लागली?

स्वाइप | रात्री ११:३५

मी पेमेंटच्या धंद्यात आहे, बॅक ऑफिसला. कंपनीचं नाव सांगत नाही. थोडं लांबेल, चालवून घ्या.

तुम्ही कार्डाने पैसे भरले की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातून थोडं कापलं जातं, त्याला एमडीआर म्हणतात. त्याचा मोठा वाटा तुमच्या कार्डाच्या बँकेला, थोडा कार्ड नेटवर्कला, थोडा दुकानदाराच्या बँकेला आणि ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या गेटवेला. क्रेडिट कार्डाला साधारण दोन टक्क्यांच्या आसपास धरा. डेबिट कार्डाला रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीपासून कमाल मर्यादा घातली आहे : मोठ्या व्यापाऱ्याला ०.९० टक्के, आणि एका व्यवहाराला १००० रुपयांच्या वर नाही. रुपे डेबिट आणि बँक खात्यातून होणारं यूपीआय यावर जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य.

आता गोदाकाठींचे ३०,७९२ घ्या. क्रेडिट कार्ड असेल तर कंपनीला ६१६ च्या आसपास खर्च. डेबिट असेल तर जास्तीत जास्त २७७. यूपीआय असेल तर व्यापाऱ्याकडून बँक काहीच घेत नाही. घेतले किती? ३१९२. जीएसटी आतच धरला असेल तर प्रत्येक ३९९ मधले ६१ सरकारचे. ते वजा करूनही हिशोब जुळत नाही.

दुसरं बघा. कार्डाचा खर्च रकमेवर असतो, डोक्यावर नसतो. १८०० च्या तिकिटावरही ३९९ आणि १२,००० च्या तिकिटावरही ३९९, याचा अर्थ या शुल्काचा कार्डाशी संबंध नावापुरता आहे. हा भाड्याचाच तुकडा आहे, बाजूला काढून ठेवलेला. कारण तिकिटांची तुलना करणाऱ्या साइटवर लोक सगळ्यात खालचा आकडा बघून क्लिक करतात. तिथे ३८४९ दिसलेलं परवडतं, ४२४८ दिसलेलं परवडत नाही.

सिडकोकर_आबा | रात्री ११:५२

बरं, कार्डाचा खर्च कमी असेल. पण साइट चालवायला माणसं, सर्व्हर, कॉल सेंटर लागतं. ते काय वाऱ्यावर चालतं?

स्वाइप | रात्री ११:५८

लागतं ना आबा. विमानाला पायलटही लागतो. त्याचं 'पायलट शुल्क' शेवटच्या पानावर वेगळं लावत नाहीत.

तर्री_जास्त | ९ सप्टेंबर, रात्री १२:०३

कल्पना देऊ नका हो. कोणीतरी वाचत असेल.

द्राक्षबाग_निफाड | ९ सप्टेंबर, सकाळी ६:१५

आमच्याकडे बाजार समितीत कांदा घातला की पट्टीवर हमाली, तोलाई कापलेली दिसते. शिव्या आम्ही त्यालाही देतो. पण ती किती हे ट्रॅक्टर भरायच्या आधी ठाऊक असतं, आणि ती क्विंटलवर असते. उद्या व्यापारी म्हणाला की लिलावात भाव १८०० पुकारतो आणि पट्टी लिहिताना 'तुला पैसे देण्याचं शुल्क' म्हणून दोनशे कापतो, तर त्या दिवशी लिलाव बंद पडेल. हायवेवर कांदे ओतले जातील. तुम्ही शहरातले लोक शांतपणे ओटीपी टाकता.

गंगापूररोड_वहिनी | सकाळी ८:४०

निफाडकर, टाळ्या!

माझा अनुभव सांगते. मागच्या मे महिन्यात एका बँकेची जाहिरात होती, 'क्रेडिट कार्डावर १२ टक्के सूट', खाली बारीक अक्षरात कमाल १२००. आम्ही तिघं, जाऊन-येऊन. सूट १२०० मिळाली. सोयीचं शुल्क सहा वेळा ३५० लागलं, म्हणजे २१००. ह्यांनी आठवडाभर सगळ्या सोसायटीला 'बाराशे वाचवले' म्हणून सांगितलं. हिशोब मी मांडला तेव्हा वर्तमानपत्र उघडून बसले.

वकीलीणबाई | सकाळी ११:२०

कोर्टातून मधल्या वेळात लिहिते आहे, शुद्धलेखन माफ.

असं शुल्क घेणं आणि असं शुल्क लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घेण्याबाबत एक ताजं उदाहरण बघा. सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटांवर असं शुल्क घेऊ नये म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढले होते. याच जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्या आदेशांना कायद्याचा आधार नाही आणि ते व्यवसाय करण्याच्या हक्काच्या आड येतात, असं त्याचं थोडक्यात सार. त्यामुळे 'शुल्क घेतलंच कसं' म्हणून भांडायला गेलात तर जड जाईल.

लपवण्याचं मात्र वेगळं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. गोदाकाठींच्या एका रात्रीत मला त्यातले निदान दोन-तीन दिसतात. किंमत सुरुवातीला पूर्ण न सांगता शेवटी वाढवत नेणं, हे 'ड्रिप प्रायसिंग'. विम्याची खूण आधीच करून ठेवणं, हे 'बास्केट स्नीकिंग'. आणि तीन मिनिटांचं ते उलटं घड्याळ खोटं असेल तर खोटी घाई, तीही यादीत आहे. विमा नाकारताना 'नको, मी धोका पत्करतो' असं बटण दाबायला लावतात ना? त्यालाही नाव आहे, 'कन्फर्म शेमिंग'. यंदा जूनमध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. मुदत आत्ताच संपली असेल.

द्राक्षबाग_निफाड | दुपारी १:०५

ड्रिप प्रायसिंग! वकीलीणबाई, ड्रिप काय असतं ते आम्हाला सांगावं लागत नाही. थेंब थेंब सोडायचं, झाडाला कळतही नाही. फरक एवढाच की आमच्या ठिबकमधून झाडाला काहीतरी मिळतं.

तर्री_जास्त | दुपारी १:११

ठिबक भाडेवाढ. अनुदान मिळतं का बघा.

लीड्सचा_नाशिककर | दुपारी ३:३०

मूळचा पंचवटीतला, सोळा वर्षं इंग्लंडात. इथे हा तमाशा तुमच्याआधी झालाय.

मी शिकायला आलो तेव्हा इथल्या स्वस्त विमानांचं तिकीट चहाच्या किमतीत दिसायचं, आणि कार्डाचं शुल्क तिकिटापेक्षा जास्त. तेही माणशी, एका बाजूचं. फक्त एका ठराविक प्रकारच्या कार्डाला माफी असायची. व्हिसा इलेक्ट्रॉन नावाचं साधं डेबिट कार्ड होतं. ते ज्याच्याकडे असे तो आमच्या होस्टेलमध्ये राजा. अख्ख्या मजल्याची तिकिटं त्याच्या कार्डावर निघायची आणि बदल्यात तो कोणाकडेही जेवायचा. लोकांनी ती कार्डं काढायला सुरुवात केली तशी त्यातल्या एका कंपनीने माफीचं कार्डच बदललं! तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की हे शुल्क न देणारे लोक वाढणं त्यांना परवडणारच नाही.

२०११ मध्ये 'विच?' या ग्राहक संस्थेने सरकारी यंत्रणेकडे रीतसर तक्रार केली. एप्रिल २०१३ पासून नियम आला की कार्डाचा जेवढा खर्च येतो तेवढंच घ्या. १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकाच्या कार्डावर जादा आकारणी पूर्ण बंद. त्याआधी, २००८ च्या युरोपीय नियमातच होतं की टाळता न येणारे सगळे खर्च धरून शेवटची किंमत पहिल्यापासून दाखवायची.

मग काय झालं? कार्डाचं शुल्क गेलं. बॅगेचं वाढलं, सीटचं वाढलं. पण एक फरक पडला. बॅग नको म्हणता येतं. पैसे न देता तिकीट घेता येत नाही.

सिडकोकर_आबा | दुपारी ४:१५

शेवटचं वाक्य पटलं. नको म्हणता येत नसेल तर ती सोय नव्हे. एवढं मान्य करतो, पुढचं नाही.

तर्री_जास्त | दुपारी ४:१६

आबांनी मान्य केलं!! स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कॉलेजरोडची | संध्याकाळी ५:५०

परदेशी साइटवरून काढणार असाल तर याच्याही पुढची पायरी आहे. बँकॉकहून फुकेतचं तिकीट तिथल्याच एका कंपनीच्या साइटवर काढलं. साधारण २४,००० रुपयांचं. क्रेडिट कार्डाच्या बिलात परदेशी चलनाचा 'मार्कअप', म्हणजे जादा आकार, म्हणून ३.५ टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ९९१ रुपये. साइटच्या पानावर याचा उल्लेख असणारच नाही, कारण हे माझ्या बँकेने घेतले.

पुढच्या वेळी शहाणपणा करायला गेले. 'रुपयात भरा' असं बटण होतं, ते दाबलं. तर रुपयाचा दरच त्यांनी असा लावला होता की बाटमध्ये भरलं असतं तर स्वस्त पडलं असतं. वर बँकेने व्यवहार परदेशी कंपनीचा म्हणून पुन्हा काहीतरी लावलंच. धाकटा भाऊ म्हणतो मार्कअप कमी असलेली कार्डं मिळतात, परदेशी तिकिटं त्यानेच काढावीत. आता त्याच्याचकडून काढते.

सातपूरकर | संध्याकाळी ६:२०

अवांतर : मुंबईहून जाताय तर गाडीचा खर्च धरला का? समृद्धी पूर्ण झाल्यापासून इगतपुरीच्या पुढे कसारा घाट टळतो, पण टोल आहे. आणि विमानतळावर आठवडाभर गाडी ठेवली तर पार्किंगचं बिल बघून परतीचा प्रवास चालत करावासा वाटेल.

पंचवटी_एक्सप्रेस | संध्याकाळी ६:३२

माझ्या नावाची गाडी विसरू नका. सकाळी नाशिकरोडहून बसा, दादरला उतरा.

सातपूरकर | संध्याकाळी ६:४०

चार माणसं, चार बॅगा आणि दादर स्टेशन. तुम्ही लग्न झालेले नाही आहात बहुतेक.

गंगापूररोड_वहिनी | संध्याकाळी ६:५५

ओझरहून दिल्ली किंवा हैदराबादला उतरून पुढे कोचीला जाता येईल की. विमानतळ दाराशी असताना मुंबईला कशाला धावायचं? कुंभाच्या निमित्ताने आणखी विमानं वाढवा म्हणून आपणच ओरडतो, आणि मग तिकिटं मुंबईची काढतो.

गोदाकाठी | संध्याकाळी ७:३०

वहिनी, बघितलं होतं. दोन विमानं म्हणजे काही ठिकाणी शुल्कही दोनदा लागतं की काय या भीतीनेच मागे आलो. हलकेच घ्या. खरं कारण वेळ जुळत नव्हती.

स्वाइप, मी यूपीआयने करून बघितलं. शेवटच्या पानापर्यंत गेलो, भरले नाहीत. त्या कंपनीकडे ३९९ चे ३४९ झाले. म्हणजे ज्याचं त्यांना बँकेला काही द्यावं लागत नाही त्याचे ३४९!

स्वाइप | संध्याकाळी ७:४१

पन्नास रुपये कमी केले यातच सगळं आलं.

तिकीटवाला_काका | रात्री ९:०५

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. शालिमारजवळ माझं तिकिटांचं छोटं ऑफिस आहे, पंचवीस वर्षं झाली. जाहिरात वाटली तर संपादकांनी उडवावं.

पूर्वी विमान कंपन्या एजंटला कमिशन द्यायच्या, ते बंद झालं. तेव्हापासून आम्ही गिऱ्हाइकाकडून सर्व्हिस चार्ज घेतो आणि तो आधी तोंडाने सांगतो. माझा एका तिकिटाचा १५० आहे. मी ज्या पोर्टलवरून तिकीट काढतो तिथे माझं डिपॉझिट आधीच भरलेलं असतं, त्यातून पैसे वळते होतात, त्यामुळे ते सोयीचं शुल्क मला लागत नाही. सगळ्या एजंटांचं असंच असेल असं नाही, विचारून घ्या. आणि मला रोख किंवा यूपीआय द्या, कार्ड घासलंत तर मलाही पोटात दुखतं.

विमानतळावरच्या काउंटरवर फुकट मिळतं असं कोणीतरी सांगेल. कित्येक कंपन्या काउंटरचंही वेगळं घेतात. ओझरला वीस किलोमीटर जायच्या आधी फोन करा.

आणखी एक, जे फारसं कोणी मागत नाही. विमान चुकलं किंवा न परतणारं तिकीट रद्द केलं तरी त्यातले सरकारी कर आणि यूडीएफ (विमानतळाचं वापरशुल्क) परत द्यायचे असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नियम आहे. रद्द करण्याचं शुल्कसुद्धा मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. भाडं बुडालं म्हणून लोक कपाळाला हात लावून गप्प बसतात.

वकीलीणबाई | रात्री ९:३०

काका, उडवू नये अशीच माहिती आहे.

गोदाकाठी, तुमच्या ३१९२ बद्दल. २४ तासांच्या नियमात भाड्याचं आहे : प्रवासाला सात दिवस किंवा जास्त असतील तर रद्द करण्याचं शुल्क नाही. सोयीचं शुल्क त्यातून ते बाहेर ठेवतात. मिळण्याची आशा कमी आहे, खोटं सांगणार नाही. पण पहिल्या पानाचा आणि शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट असेल तर १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा. मुद्दा 'शुल्क का घेतलं' हा मांडू नका. 'पहिल्या पानावर का दाखवलं नाही आणि विम्याची खूण आधीच का होती' हा मांडा. पुढे जायचं ठरवलं तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. वकील मात्र फी घेतात.

तर्री_जास्त | रात्री ९:३४

ती शेवटच्या पानावर सांगू नका म्हणजे झालं.

गोदाकाठी | १२ सप्टेंबर, रात्री ८:५०

निकाल कळवतो, मग धागा खाली गेला तरी चालेल.

काकांना खाजगी निरोप पाठवला, काल संध्याकाळी शालिमारला जाऊन आलो. तारीख बदलल्यामुळे भाडं थोडं चढलंय, ४०१० झालं. आठ तिकिटं ३२,०८०, त्यांचे १२००, एकूण ३३,२८०. साइटवरून कार्डाने काढली असती तर ३५,२७२ पडली असती. १९९२ वाचले. काकांनी चहा पाजला आणि नावांची स्पेलिंगं आधार कार्डावरून दोनदा तपासली. मी पहिल्या बुकिंगला धाकटीचं आडनाव चुकवलं होतं हे तेव्हा कळलं.

१९१५ ला तक्रार नोंदवली. पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट नव्हता. पण बायकोने 'एकतीस हजारात' हे ऐकून माहेरी व्हॉट्सॅपवर पानाचा फोटो पाठवला होता, तारीख-वेळेसकट! तोच जोडला. कंपनीचं उत्तर आलं : 'आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व, शुल्क नियमानुसार.' तक्रार बंद केलेली नाही.

सिडकोकर_आबा | रात्री ९:१०

म्हणजे शेवटी रांगेतच जाऊन तिकीट काढलंत.

गोदाकाठी | रात्री ९:१४

रांग नव्हती आबा. पण शालिमारला गाडी लावायला जागा मिळेना, टोइंगवाल्यांनी उचलली. त्याचे किती गेले ते विचारू नका, घरी सांगितलेलं नाही.

गंगापूररोड_वहिनी | रात्री ९:२०

तुमच्या सौ. इथे वाचतात हं.